सतरा साखळ्या

"म्हातारे, खोटं बोलतेस तू," मोजणीदार गुप्ते म्हणाले आणि मांडीवरचा नकाशा त्यांनी पुन्हा उन्हाला धरला.

जाईबाईनं पदर डोक्यावर सारखा केला. "खोटं कशाला बोलू, सायेब? आमचं गाव पयल्यापासून हितंच. ह्याच जागेवर."

असं ठासून बोलणारं माणूस दिसलं की गुप्त्यांना हटकून संशय यायचा. वीस वर्षं मोजणीत काढलेला माणूस तो. बायकोनं आमटीत मीठ बरोबर पडलंय म्हटलं, तरी आधी बोटभर चाखून बघायचे. गिरणीच्या कारभाऱ्यानं मघाशी शहाळं पुढे केलं, तेही त्यांनी शिवलं नव्हतं. फुकटचं शहाळं कोण देतो हो?

परळ आणि नायगावच्या मधली ही अठरा घरं गिरणीला उठवायची होती. तीस वर्षांपूर्वीच्या खरेदीखतात गिरणीनं घेतलेली निव्वळ भाताची खाचरं होती, गावठाण नव्हतं. घरं जुन्या गावठाणावर असतील तर राहणार, खाचरात असतील तर महिन्याअखेरीला जमीनदोस्त. फैसला गुप्त्यांच्या मोजणीवर. म्हणून तर त्यांनी दप्तराची धूळ खाऊन कंपनी सरकारच्या काळातला नकाशा शोधून आणला होता. काय नकाशा! तळी, ताडाची बनं, खाचरांचे बांध, घरांचे इवलेसे लाल ठिपके. यातलं आता काही म्हणून शिल्लक नव्हतं. फक्त देवळाची दीपमाळ तेवढी कागदावरही होती आणि जमिनीवरही.

"हे बघ," त्यांनी नकाशावर बोट टेकवलं. "तू बसलीयेस तिथे भात दाखवलंय. औषधाला एक घर नाही."

"मी काय सांगत होतो, रावसाहेब?" कारभारी खूश होऊन म्हणाला. जाईबाईच्या मागे उभ्या असलेल्या बायका एकमेकींजवळ सरकल्या. एकीनं कडेवरचं पोर घट्ट धरलं.

म्हातारी मात्र हट्टाला पेटली. "नकाशाच खोटा आसल! गाव हितं नव्हतं तर व्हतं कुठं, ते तरी दाखवा मोजून."

नकाशा खोटा? गुप्त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते ताडकन उठले. पण ही माणसं उद्या शब्द फिरवतील, ही शंकाही लगेच आलीच. त्यांनी आधी कागद केला. नकाशाप्रमाणे मोजणीची साखळी जिथे थांबेल तेच जुनं गावठाण, उभय पक्षांस मान्य. जाईबाईनं अंगठा उठवला. मग त्यांना कारभाऱ्याचाही भरवसा वाटेना, म्हणून त्याचीही सही घेतली. कारभारी दोन वर्षांपूर्वी सुरतेहून आलेला. त्यानं हसत हसत सही ठोकली.

नकाशावरचे लाल ठिपके दीपमाळेपासून पूर्वेला सतरा साखळ्यांवर होते. दोन गडी साखळी ओढत निघाले, गुप्ते मोजत मागे, त्यांच्यामागे जाईबाई आणि बायका. रस्ता ओलांडला. नाला ओलांडला. बाराव्या साखळीला गिरणीचं फाटक आलं.

"अहो, वाट चुकली तुमची!" कारभारी धावत आला.

गुप्त्यांना वाटलं, गडीच चुकले. ते परत दीपमाळेशी गेले आणि या खेपेला साखळीचं टोक त्यांनी स्वतःच्या हातात धरलं. पुन्हा तेच फाटक. तेरा, चौदा, कापसाची वखार. सोळा. सतरावी साखळी संपली ती थेट गिरणीच्या धुराड्याच्या बुडाशी.

म्हणजे न विकलेल्या गावठाणावर गिरणीच उभी होती. कारभाऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. "तो कागद जरा इकडे द्या बघू, रावसाहेब."

गुप्त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, कागदाची घडी केली, कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि वरचं बटण लावलं. मग ते जाईबाईकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपलीच लाज वाटत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"न्हाय कसं? लगीन होऊन मी हितंच आले. धुराडं हाय ना, तिथं आमची चूल व्हती. गिरणी बांधतोय, दोन वर्सं बाजूला व्हा म्हणाले. झालो बाजूला."

"मग मघाशी खोटं का बोललीस?"

"तुमच्याआधी तीन सायेब आले," जाईबाई म्हणाली. "तिघांनाबी खरं सांगितलं. एकानंबी साखळी काढली न्हाय."