नदीपलीकडची टाळी

मेम्फिसच्या स्टुडिओत ओझेलाचं पहिलंवहिलं गाणं दोनदा फसलं होतं. “बाई, ठोक्यामागून रेंगाळतेस. आणखी एकदा बघतो, नाहीतर गाणं दुसरीला देतो,” काचेपलीकडून कंपनीचे साहेब म्हणाले. ड्रमवरच्या म्हाताऱ्या थर्मननं विचारलं, “कुठल्या चर्चची गं तू, पोरी?” “नदीपलीकडच्या.” “तरीच! तुमच्याकडच्या भजनातल्या टाळ्या निवांत जेवण उरकून येतात.” सगळे हसले, तीही. त्यानं खिशातलं पाकीट ड्रमवर ठेवून आवाज दबका केला आणि प्रत्येक ठोका केसभर उशिरा टाकला, तिच्या चर्चमधल्या टाळीसारखा. गाणं त्यावर अलगद बसलं. “आलीस एकदाची तालावर!” साहेब खूश झाले. “ती तिथेच होती, साहेब. मीच घाई करत होतो,” थर्मन म्हणाला. वीस वर्षांत त्याचा ठोका चुकलेला कोणी ऐकला नव्हता. गिटारवाला मान खाली घालून जुळलेल्या तारा पुन्हा जुळवत बसला.