उन्हाची बाजू

लंब्याने संग्रहालयाच्या दाराचं कुलूप हलवून पाहिलं. "बंद? तुला माहीत नव्हतं?"

"सुट्टीत वेळा बदलतात," गाइड म्हणाला.

त्याला चांगलं माहीत होतं. लोकांना हे शहर दाखवण्यात त्याची उभी हयात गेली होती. कुठलं दार कधी उघडतं, बोटीच्या कुठल्या बाजूला सावली असते, हे तो झोपेतही सांगू शकला असता. या सुट्टीत मात्र ते सगळं ज्ञान त्याने उलटं वापरायला काढलं होतं.

एक मोठी पर्यटन कंपनी इथे कचेरी उघडणार होती. तिला मुख्य गाइड हवा होता. बांधलेला पगार मिळणार होता, चौकात उभं राहून गिऱ्हाइकांना हाका मारणं सुटणार होतं. त्याने अर्ज केला, पण उत्तर नाही. आणि त्याच कंपनीत, दुसऱ्या शहरात गाइड असलेला जुना दोस्त लंब्या नेमका आताच उगवला, सोबत एक मैत्रीण घेऊन.

"मित्र म्हणून नको, गिऱ्हाईक समजून फिरव," लंब्या बसमधून उतरताच म्हणाला होता.

गाइडने काय ते ओळखलं. हा शहर शिकायला आलाय. बिळं आम्ही खणायची आणि नागोबा होऊन हा बसणार.

"पाहुणे आहेत, नीट वागा हो," बायकोने निघताना बजावलं होतं.

"नीटच वागतोय," असं मनाशी म्हणत त्याने पाहुण्यांना बोटीत उन्हाच्या बाजूला बसवलं.

"पलीकडे सावली आहे की," लंब्या म्हणाला.

"बोटीचा तोल जातो."

मैत्रिणीने बोटवाल्याकडे पाहिलं. त्याने नजर पाण्याकडे वळवली. बाई पन्नाशीची, गुडघ्याला पट्टा बांधलेली, बोलायला अगदी कमी. लंब्याच्या नादाने उगाच होरपळतेय, असं गाइडला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी त्याने त्यांना टेकडीवर नेलं, तेही भर दुपारी आणि पायऱ्यांनी. अर्ध्यावर बाई गुडघा धरून बसली.

"मागून सोपा रस्ता नाही का?" तिने विचारलं.

"नाही," गाइड म्हणाला. रस्ता होता, झाडीतून जाणारा.

लंब्याने त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं. "ती गच्ची कुठेय? नदी दिसते ती. तिथे गेलं की लोक बोलायचे थांबतात, असं फोनवर सांगायचास. तिकडे ने ना."

"पाडली."

"खोटं बोलतोयस."

"मग शोध की तूच. गाइड आहेस ना?"

"अरे गाढवा, जरा ऐक माझं," लंब्या दात ओठ खात म्हणाला. "तुझं जे चांगलं आहे ते दाखव."

खाली उतरल्यावर गच्ची दोनच गल्ल्यांपलीकडे होती. बाईचा उतरलेला चेहरा बघून गाइडचे पाय क्षणभर तिकडे वळलेही. पण लंब्याची घाई दिसली आणि त्याचं डोकं पुन्हा तापलं. आयुष्यभर जमवलेलं याच्या घशात घालायचं? त्याने ताकाला तूर लागू दिली नाही. संध्याकाळी चांगल्या हॉटेलांवरून पुढे नेऊन त्यांना गार चहा आणि कळकट टेबलं असलेल्या ठिकाणी बसवलं.

"इथे येणाऱ्यांना रोज असंच फिरावं लागतं?" बाईने पेला दूर सारत विचारलं.

"रोज. शहरच तसं आहे, मी काय करणार?"

लंब्याने मान खाली घातली. गाइडला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

शेवटच्या दिवशी तो त्यांना बसवर सोडायला गेला. लंब्याने हातही मिळवला नाही. आता खोदून विचारायला हरकत नव्हती.

"मग, कधी येतोयस इथे राहायला?"

"मी?" लंब्या थकल्या आवाजात म्हणाला. "मला कशाला यायचंय? मला विचारलं होतं, मी तेव्हाच नाही म्हणून मोकळा झालो." तो मागे न बघता बसमध्ये चढला.

बस हलली तेव्हा बाईने खिडकीची काच सरकवली.

"यांच्यावर रागावू नका, यांनी सारखं तुमचंच नाव लावून धरलं होतं," ती म्हणाली. "मीच म्हटलं, माझ्या कंपनीत माणूस घ्यायचा तर आधी न सांगता त्याच्याबरोबर एकदा फिरून बघते."