पहिलीच गोळी

पिस्तूल पुन्हा अडकलं. या खेपेलाही पहिलीच गोळी.

तिने पिस्तुलाचं तोंड समोरच्या लक्ष्याकडेच ठेवलं आणि मोकळा हात वर केला. कारागीर पुढे झाला. नेमबाजी केंद्रातली सगळी हत्यारं त्याच्याच हाताखालून जात. आणि आज ज्या हातात हे कोरं करकरीत पिस्तूल होतं, तो हात त्याच्या बायकोचा होता. त्याने पाहिलं. गोळी नळीत पुरती बसलीच नव्हती. दाराच्या फटीत पाऊल अडकावं तशी मध्येच थांबली होती.

"काय रे," मागून मास्तर ओरडले, "पिस्तूल आणलंस की रुसलेला जावई? नव्याचे नऊ दिवस म्हणतात, याचा तर पहिलाही धड जाईना!" मास्तर म्हणजे प्रशिक्षक. उभा जन्म बारांच्या आवाजात गेलेला, त्यामुळे ते कुजबुजले तरी गावाला ऐकू जाई.

कारागिराला हसू आलं नाही. दुपारी संघाची निवड चाचणी होती. बाळंतपणापायी बायकोची संघातली जागा गेली होती. ती परत मिळवायची, तर आजच. तिच्या जुन्या पिस्तुलाची नळी झिजली, म्हणून हे नवं त्यानेच पारखून, अगदी हट्टाने आणवलं होतं. एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरणारं. तिची मात्र पहिलीच सुटत नव्हती.

सकाळपासून त्याने काय करायचं बाकी ठेवलं होतं? मॅगझिन बदललं. गोळ्यांची दुसरी पेटी फोडली. कारखान्यातून आलेलं चिकट ग्रीस पुसून पातळ तेलाचं बोट फिरवलं. स्प्रिंग काढून उजेडात धरून पाहिली. मग स्वतः गोळ्या झाडल्या. पिस्तूल लोण्यासारखं चाललं. मास्तरांनी झाडल्या, एकही अडकली नाही. पुन्हा तिच्या हातात दिलं, की आपलं ये रे माझ्या मागल्या.

"पिस्तुलालाही माणूस कळतं वाटतं," ती हसत म्हणाली. पण डोळे भरून आले होते. "राहू द्या हो. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! त्याने तिच्या हातातलं पिस्तूल काढून घेतलं. "चल आत," तो म्हणाला.

आत म्हणजे त्याच्या कार्यशाळेत. दोघांनी कानांवरचे इअरमफ काढून ठेवले. त्याने दारू नसलेल्या खोट्या गोळ्या मॅगझिनमध्ये घातल्या आणि पिस्तूल तिच्यापुढे ठेवलं. "भर. तोवर मी दुसरी स्प्रिंग शोधतो." पाठ फिरवून तो खण उपसू लागला.

"भरलीस का?"

"कधीच."

त्याचा हात खणातच थबकला. पिस्तूल भरताना वरची पोलादी स्लाइड मागे ओढून सोडायची असते. स्प्रिंगच्या जोराने ती पुढे झेपावते आणि गोळीला नळीत ढकलते. त्याचा खटाक असा आवाज झोपेतही त्याने ओळखला असता. बाहेर कान झाकलेले. इथे तर उघडे होते, आणि काहीच ऐकू आलं नव्हतं.

"पुन्हा भर बघू," तो वळून म्हणाला.

तिने स्लाइड मागे ओढली. पण सोडली नाही. चिमटीत धरून, दुधावर साय धरली असावी आणि ती मोडू नये, इतक्या हळुवारपणे तिने ती पुढे आणून टेकवली. गोळी अर्ध्यातच राहिली.

"अगं, सोडत का नाहीस? ओढायची आणि द्यायची सोडून! आपटू दे की!"

"एवढ्या जोरात?" ती चटकन म्हणाली. "ती उठेल ना!"

आणि दोघं एकमेकांकडे बघतच राहिली.

ती म्हणजे त्यांची लेक. दोन खोल्यांचं घर. तो कामावर गेला की दुपारी पाळण्याशेजारी उभं राहून बायको रिकाम्या पिस्तुलाने हात बसवत असे. भांडं वाजू द्यायचं नाही, कडी वाजू द्यायची नाही, तशी स्लाइडही वाजू द्यायची नाही. जुनं पिस्तूल झिजून मऊ झालेलं. तेवढ्यावरही भागवून घेई. नव्याची स्प्रिंग ताठ, नळी घट्ट. त्याला पुरता जोर हवा होता.

"अगं बाई!" तिने कपाळाला हात लावला आणि मग तिला जे हसू फुटलं, ते आवरेना. "आणि मी बिचाऱ्या पिस्तुलाला बोल लावत होते!"

"मी तर कारखान्याच्या सात पिढ्या उद्धरल्या," तो म्हणाला आणि तोही खो-खो हसत सुटला.

चाचणीत तिने स्लाइड अशी काही सोडली, की मास्तरही दचकले. पहिली गोळी गेली. दुसरी गेली. मग थांबणं नाहीच. संध्याकाळी निवडलेल्यांची नावं पुकारली, तेव्हा तिचं नाव मास्तरांनी इतक्या मोठ्याने घेतलं, की झाडावरचे कावळे उडाले.

नवरा-बायको धावतच अंगणापलीकडच्या कार्यालयाकडे निघाली. तिथे दुपारभर सासूबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दाराशी पोचतात तोच लेकीचं रडणं कानी आलं. आईचा चेहरा एवढासा झाला.

"आमच्या आवाजाने उठली ना हो?"

"छे गं!" सासूबाई नातीला थोपटत म्हणाल्या. "बार चालले होते तोवर कशी गाढ झोपली होती. तुमचं थांबलं, तशी उठली. जा बाई, अजून चार गोळ्या झाडून ये, म्हणजे परत झोपेल."