पोटात काही नाही

"दर सोमवारी ओकते, डॉक्टर. शाळेची वेळ झाली की पोट धरून बसते. जंत असतील बघा," देओलिंदाने बसता बसताच सांगून टाकलं.

"मी तिला विचारलं," डॉक्टर म्हणाली.

फिदेलीनाने मान खाली घातली. पंधरा वर्षांची उंच पोर, पण खुर्चीच्या कडेला अंग चोरून बसली होती.

"बोल की गं! मिठाची गुळणी धरलीयस का तोंडात?"

देओलिंदाचा आवाज बाहेरच्या पडवीपर्यंत गेला. काआकुपे गावच्या बसथांब्यावर ती चिपा विकायची. डोक्यावर गरम पावांची टोपली, आणि सुटलेली बस हाकेसरशी थांबेल असा गळा.

डॉक्टरने पोट दाबून पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसा."

"मी? अहो, मी आई आहे तिची."

"म्हणूनच."

दार लागलं. डॉक्टरने खुर्ची खिडकीकडे वळवली आणि बाहेरच्या पेरूच्या झाडाकडे बघत विचारलं, "वर्गात बाईंनी तुझं नाव घेतलं की काय होतं?"

डॉक्टरने मागे वळून पाहिलं नाही.

"छाती धडधडते. उत्तर येत असतं मला. पण तोंडातून निघत नाही."

"आणि रस्त्यात कुणी ओळखीचं दिसलं तर?"

"दुसऱ्या गल्लीने जाते."

"घरी आल्यावर?"

"जे बोलले ते सारखं आठवत राहतं. मागून सगळे हसले असतील, असं वाटतं." मग कुणी न विचारताच ती म्हणाली, "शनिवारी आई मला टोपली देऊन बसमध्ये चढवते. 'चिपा घ्या' एवढंच म्हणायचं असतं. मी शेवटच्या थांब्यापर्यंत जाते, उतरते आणि सगळे पाव कुत्र्यांना घालते. आईला सांगते, मीच खाल्ले."

"मग?"

"मग मारते ती. मार बरा."

डॉक्टर आता वळली. "फिदेलीना, हा तुझा स्वभाव नाही आणि माजही नाही. आजार आहे हा. बरा होतो. दर गुरुवारी यायचं. या खोलीत फक्त आपण दोघी."

फिदेलीनाने मान हलवली. एवढं सगळं आपण बोललो, याचं तिचं तिलाच नवल वाटत होतं.

देओलिंदाला आत बोलावून डॉक्टरने हळू आवाजात समजावलं. तिला चारचौघांत पुढे ढकलू नका, रागावू नका, वेळ लागेल. देओलिंदाने मन लावून ऐकलं. तिचे डोळे भरून आले.

"म्हणजे पोटात काही नाही?"

"पोटात काही नाही."

"माउली पावली गं बाई!"

ती लेकीचा हात धरून पडवीत आली. बाकांवर सारं गाव बसलेलं. तेरेरेचा, म्हणजे पाल्याच्या थंड पेयाचा, नळी लावलेला पेला हातोहात फिरत होता.

"काय निघालं, देओलिंदाबाई?" कुणीतरी विचारलं.

"काही नाही हो पोटात! डॉक्टर म्हणाली, हिला फक्त माणसांची भीती वाटते!"

"आमची?" एक म्हातारी खुदकन हसली. "मी काय चावते की काय, पोरी? दात तरी कुठायत मला?"

सगळे हसले. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं.

"सोप्पंय," पेला भरणारा म्हातारा म्हणाला. "घे, इथे सगळ्यांसमोर पी. भीती मोडते की नाही बघ."

"पी गं," देओलिंदा लाडाने म्हणाली. "सगळी आपलीच माणसं आहेत."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. फिदेलीनाने पेला घेतला. नळी दातांवर वाजली, पाणी हनुवटीवरून छातीवर सांडलं. ती प्यायली. पडवीत टाळ्या पडल्या.

आवाज ऐकून डॉक्टर दारात आली. टाळ्या वाजवणारी माणसं आणि मध्ये ओल्या पोलक्यातली, हसणारी फिदेलीना. हसायचंच असतं अशा वेळी, एवढं पोरीला माहीत होतं. डॉक्टरही हसली आणि पुढच्या रुग्णाला आत घेऊन गेली.

सोमवारी सकाळी फिदेलीनाने वेळेवर गणवेश घातला. पोटाचं नाव काढलं नाही.

"एका भेटीत बरी केली हो पोरगी!" देओलिंदा कुंपणावरून शेजारणीला सांगत होती. "आता गुरुवारी कशाला जायचं परत?"

फिदेलीना न्हाणीघरात ओणवी झाली होती. तिने नळ पूर्ण सोडला होता. धो धो पाण्याखाली बाकी कसलाच आवाज बाहेर येत नव्हता.