कूपनामागच्या ओळी

सखारामनं पान उलटलं तशी नंदा बाकावर मागे सरकली. कथेचं आता शेवटचं पान उरलं होतं. त्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात अर्ध्या पोस्टकार्डाएवढं भोक आहे, हे नाटे गावच्या वाचनालयात फक्त तिलाच ठाऊक होतं.

रविवारची संध्याकाळ होती. मुंबईहून मासिक आलं की, गिरण्यांच्या संपानंतर गावी परतलेला सखाराम त्यातली क्रमशः कथा मोठ्यानं वाचायचा आणि खोलीभर माणसं ऐकायची. अंक एकच, पण महिनाभर पुरायचा. मासळी विकताना, पाण्याला जाताना बायका कथेतल्या माणसांची चौकशी करायच्या, जणू ती शेजारच्या वाडीत राहतात. आता घरोघरी मासिकं येतात आणि कुणी कुणाला काही वाचून दाखवत नाही. ते दिवस फार चांगले होते.

भोक पाडलं होतं नंदानंच. ती बालवाडीत शिकवायची आणि कथा लिहायची. कथा कुठे पाठवावी, कुठली स्पर्धा निघाली आहे, हे कळायला तिला गावात हा एकच अंक होता. या महिन्यात नवोदितांची कथास्पर्धा जाहीर झाली, आणि खाली अट: सोबतचं कूपन कथेच्या पहिल्या पानावर चिकटवलेलं असावं. राजापूरच्या स्टॉलवरचे अंक संपले होते. मग तिनं बालवाडीतली कात्री आणली. ग्रंथपाल आप्पा चहाला गेल्यावर कूपन कापलं, भाताच्या शितांनी चिकटवलं आणि पाकीट पोस्टात टाकलं. कागदाला मागची बाजूही असते, हे तिला पाकीट पेटीत पडल्यावर आठवलं.

सखाराम रंगात आला होता. "'...पाच वर्षांनी त्या अंगणात पाऊल वाजलं. उंबऱ्यावर सावली पडली. चिमानं वर पाहिलं. दारात...'"

तो थांबला. त्यानं अंक उजेडाकडे धरला. भोकातून त्याला समोर बसलेली येसूबाई दिसली.

"कोणी कापलान?" आप्पा खुर्चीतून उठले. अंकाला कात्री लावील त्याचं सभासदत्व रद्द, हा त्यांचा नियम होता, आणि तो त्यांनी सख्ख्या भाच्यालाही लावला होता.

"मी, आप्पा," नंदा म्हणाली. "स्पर्धेचं कूपन हवं होतं."

"कार्ड ठेव हितं. पुन्हा पायरी चढायची नाय."

नंदानं सभासदत्वाचं कार्ड टेबलावर ठेवलं. पुढच्या स्पर्धा, संपादकांचे पत्ते, सगळंच त्या कार्डाबरोबर गेलं. ती रडायच्या बेतात होती.

"कार्डाचं मागाहून बघा, आप्पा," येसूबाई मध्येच म्हणाली. "काय गो नंदा, कापायच्या आधी तू वाचलं असशील ना? मग चिमाचा पोर आला काय, तेवढं सांग."

येसूबाईचा मुलगा भिवा बोटीवर नोकरीला गेला तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. कथा सुरू झाल्यापासून ती दर महिन्याला सगळ्यांत पुढे येऊन बसायची. का, ते सगळ्यांना कळत होतं, म्हणून तिची जागा कुणी घेत नसे.

नंदानं त्या ओळी वाचल्याच नव्हत्या. दारातली सावली कुणाचीही असू शकत होती, तार घेऊन आलेल्या पोस्टमनचीसुद्धा. स्पर्धेला पाठवलेल्या तिच्या कथेत नायक शेवटी बुडाला होता. नवोदितांच्या कथेत कुणी ना कुणी मरतंच, त्याशिवाय ती गंभीर वाटत नाही. स्पर्धेचा निकाल पुढे लागला आणि त्यात तिचं नाव नव्हतं, पण ते नंतरचं.

"वाचलंय," ती म्हणाली. "आला तो."

येसूबाईनं श्वास सोडला. "मग? आय काय बोलली त्याला?"

"काय नाय बोलली." नंदा अडखळली. "कुठं होतास, ते पण नाय विचारलं. चुलीवरचा भात उतरवला आणि म्हणाली, पाय धू आधी, वाढते." येसूबाई अजून तिच्याकडेच बघत होती, म्हणून तिनं आणखी सांगितलं. "तो जेवायला बसला. ही पाठमोरी झाली. पदर डोळ्यांना लावला. आणि तशीच, मागं न बघता म्हणाली, कढी घे, तुला आवडते म्हणून रोज करते."

आप्पा बराच वेळ त्या कार्डाकडे बघत होते. मग त्यांनी ते बोटानं टेबलावरून सरकवलं, नंदाच्या हाताला लागेपर्यंत.

"ह्यां बायमाणसानं लिवलंय," येसूबाई डोळे पुसत म्हणाली. "पुरुषाला नाय सुचायचं. बघ रे सखाराम, नाव काय दिलंय?"

सखारामनं पानं मागे उलटली. कथेच्या मथळ्याखाली एका गृहस्थांचं नाव ठळक छापलेलं होतं, त्यापुढे बी. ए. त्यानं ते मनातल्या मनात वाचलं, एकदा नंदाकडे पाहिलं आणि अंक मिटला.

"व्हय, येसूवयनी," तो म्हणाला. "बाईचंच हाय."