पांढरा पडलेला अंतरपाट

"माणसानं रंगांवर अखेर विजय मिळवला आहे!" वधूपिता दिगंबरपंत खांबेटे यांनी माइकवरून जाहीर केलं, आणि त्यांनी हौसेनं आणलेला संगणकी अंतरपाट पांढराफटक पडला.

नवरीच्या शालूचं पिवळं आणि नवरदेवाच्या शेल्याचं निळं ओळखून त्या कापडानं आपोआप हिरवं व्हायचं होतं.

"लग्नात पांढरं?" विहीणबाई ताडकन उठल्या. "चल रे चिन्मय, घरी!"

दिगंबरपंतांना घाम फुटला. "थांबा हो विहीणबाई! यात रंग मिसळायच्या दोन पद्धती आहेत. मी चुकून उजेडाची निवडली. पिवळा आणि निळा उजेड मिळून पांढरा होतो. कुंचल्याची निवडली की हिरवं!"

"मग निवडा ना! भाषण कसलं देताय?"

त्यांनी घाईघाईनं मोबाइल दाबला. कापड आधी शेवाळासारखं झालं, मग पालकासारखं. विहीणबाईंना पालक फार गडद वाटला. भटजी म्हणाले, मुहूर्त टळतोय, आपल्याला पोपटीही चालेल. त्यावर दोन्हीकडच्या मावश्या हिरिरीनं वादात उतरल्या.

शेवटी अंतरपाटामागून नवरीचा आवाज आला.

"बाबा, रंग कुठलाही ठेवा, पण पडदा जरा खाली घ्या. पलीकडे नवरा आहे की गेला, तेवढं बघू द्या."