तिसऱ्या भागातलं वळण

चेलोवाल्याने स्वरलिपीची एकदम दोन पानं उलटली आणि तिने खुर्चीचा हात घट्ट धरला.

पहिल्या रांगेत ती बाबांना खेटून बसली होती. तिने रचलेलं पाच वाद्यांचं, पाच भागांचं संगीत आज पहिल्यांदाच लोकांसमोर वाजत होतं. लोकांचं राहू दे. बाबांनी एकदा तरी शेवटपर्यंत जागं राहावं, एवढंच तिला हवं होतं. बाबा बस चालवायचे, पहाटे उठायचे. तिच्या प्रत्येक कार्यक्रमाला कडक इस्त्रीच्या शर्टात यायचे आणि दुसरा भाग संपायच्या आत घोरायला लागायचे. आजही मान कलली होतीच.

आणि आता चेलो तिसरा भाग अर्धवट सोडून थेट चौथ्यात घुसला होता! थांबायची सोय नव्हती. व्हायोलिनवाली घाबरून त्याच्यामागे धावली. क्लॅरिनेटवाला हट्टाला पेटला, जागचा हलेना. पियानोवाली घटकेत इकडे, घटकेत तिकडे. बासरीवाला डोळे मिटून वाजवत होता, त्याला कशाचा पत्ताच नव्हता.

बाबा खाडकन जागे झाले.

"अगं, तो चेलोवाला रस्ता चुकला! वळण सोडून पुढे गेला!"

"बाबा, हळू."

"हळू कसलं! ती व्हायोलिनवाली गाठतेय बघ त्याला. गाठलं! शाब्बास पोरी!"

ते खुर्चीच्या टोकावर आले. मागच्या रांगा खुदखुदू लागल्या. हसावं की रडावं, तिला कळेना. पाचही जण धापा टाकत कसेबसे एका सुरावर येऊन थडकले. मधे टाळ्या वाजवायच्या नसतात, हे तिने बाबांना घरून निघताना बजावलं होतं. बाबा उभे राहून टाळ्या पिटू लागले. मग सगळं सभागृहच उठलं. "वन्स मोअर! वन्स मोअर!"

चेलोवाला शरमेने लालबुंद झाला होता. त्याने पानं नीट लावली आणि तिसरा भाग पुन्हा सुरू झाला. या वेळी सगळं लिहिल्याबरहुकूम. तिने जीव ओतून रचलेलं, अगदी तसंच. एक सूर इकडचा तिकडे नाही.

बाबांचं डोकं अलगद तिच्या खांद्यावर आलं.

पान उलटायची वेळ झाली. चेलोवाल्याने भीत भीत तिच्याकडे पाहिलं, आता तरी बरोबर ना?

तिला हसू आवरेना. तिने दोन बोटं वर केली: दोन पानं!